अर्ध्याची हजार पावलं

११ जानेवारी

नेम्या,

माझं अक्षर ओळखून तू पाकीट न उघडताच फेकून देशील, म्हणून पत्ता आमच्या हिच्याकडून लिहून घेतलाय. फसवणूक पहिल्याच ओळीत कबूल करून टाकली. आता उघडलंच आहेस तर वाच.

मी लांब्या. आक्का तोफेचे गोळे वाहणारा.

कामाचं बोलतो. आपल्या रणगाडाविरोधी तुकडीतल्या जुन्या लोकांचं एक मंडळ आहे. ज्याच्या सभेला तू एकदाच आलास आणि अर्ध्यातून उठून गेलास, तेच. लढाई संपल्याला यंदा चाळीस वर्षं होतात, तर तुकडीचा इतिहास छापायचा, असं या मंडळाने ठरवलं. छापायचा तर कोणीतरी लिहायला हवा. सगळे आधी एकमेकांकडे बघायला लागले आणि मग माझ्याकडे. मी जन्मभर मोजणीदार म्हणून जमिनीच्या नोंदी लिहिल्या, तेव्हा मला लिहिता येतं, असा निष्कर्ष निघाला. मी म्हटलं, "अहो, 'उत्तरेस विहीर, दक्षिणेस बांध' एवढंच लिहिलंय मी आयुष्यात." अध्यक्ष म्हणाले, "मग काय अवघड आहे? उत्तरेस शत्रू, दक्षिणेस आपण."

तारखा, तोफांची संख्या, कोणत्या दिवशी किती गोळे उडवले, हे सगळं मंडळाच्या कपाटात आहे. पण आक्काला आक्का कोणी म्हटलं, ते कपाटात नाही. तोफेवरचं ताडपत्री आवरण बांधायची दोरी कुठल्या रंगाची होती, तेही नाही. अर्ध्याला विचारलं. त्याचं शिंप्याचं दुकान अजून चालू आहे. तो म्हणाला, "मी गोळा भरायचो. दोरीकडे बघायला मला फुरसत होती का?"

आक्काच्या पथकातले आता आपण तिघंच उरलो. तोफेची ओढगाडी चालवणारा सहा वर्षांपूर्वी गेला. आपले तोफप्रमुख, उस्ताद, तर तेव्हाच लढाईत गेले. उंच म्हणून मी लांब्या, माझ्या खांद्यालाही लागत नाही म्हणून तो अर्ध्या आणि नेम धरणारा म्हणून तू नेम्या. तिघांत शाबूत डोकं तुझं. तू मदत केली नाहीस तर मी मनाला येईल ते लिहीन आणि ते छापलं जाईल. याला धमकी समज.

दोनच प्रश्नांची उत्तरं पाठव. नाव कोणी दिलं आणि दोरी कुठल्या रंगाची. बाकी काही लिहू नकोस, लिहावंसं वाटलं तरी.

तुझा
लांब्या


३० जानेवारी

नेम्या, आणि नेम्याशेजारी बसून हे वाचणारी पोरी,

पोरी, तुझं पत्र आलं तेव्हा मी दाढी करत होतो. अर्धा गाल साबणाचा आणि अर्धा मोकळा अशा अवस्थेत मी ते तीनदा वाचलं. ही म्हणाली, "कोणाचं लग्न ठरलं?" तुझी सहाच वाक्यं होती, पण मला पाठ झालीत. "बाबांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू आहे, त्यांना वाचता येत नाही. तुमचं पत्र मी संध्याकाळच्या चहानंतर त्यांना वाचून दाखवलं. ते 'पुरे' म्हणाले नाहीत. दोरी हिरवी होती. आक्का हे नाव उस्तादांनी दिलं. त्यांची थोरली बहीण अशीच होती, एकदाच बोलायची आणि मग घरात सगळे गप्प."

'पुरे' म्हणाले नाहीत! या तीन शब्दांनी माझा जीव भांड्यात पडला.

नेम्या, तुला दिसत नाही आणि तू स्वस्थ बसून आहेस? मोतीबिंदूचं ऑपरेशन म्हणजे चहा गार व्हायच्या आत होणारं काम. अर्ध्याने दोन्ही डोळ्यांचं करून घेतलं. आता सुईत दोरा स्वतः ओवतो आणि गिऱ्हाइकांच्या कोटावरचे डाग त्यांना उगाच दाखवत बसतो. अख्ख्या तुकडीत ज्याच्या डोळ्यांच्या भरवशावर आम्ही जीव टाकला, त्याने अंधारात बसायचं, हे मला मुळीच पटलेलं नाही. पोरी, त्याच्यामागे लाग.

दुसरं प्रकरण लिहून झालं. त्यातला एक तुकडा खाली देतो. चुकलं असेल तर सांग.

"आमच्याकडे अंतर मोजायचं यंत्र नव्हतं. मागवलेलं होतं, ते लढाई संपल्यावर आलं. त्यामुळे आक्काच्या पथकाने स्वतःची पद्धत बसवली. तोफ मांडून झाली की गोळा भरणारा, ज्याला सगळे अर्ध्या म्हणत, तोफेपासून समोर सरळ चालत जाई आणि मोजून हजार पावलांवर चुना फासलेला दगड ठेवून येई. अर्ध्याचं पाऊल इतकं सारखं पडे, की त्याची हजार पावलं म्हणजे सहाशे मीटर, हे पथकाने फीत लावून तीनदा तपासलं होतं. नेमबाज तोफेची अंतराची चकती सहाशेवर लावून ठेवी आणि शत्रूचा रणगाडा दगडापाशी येईपर्यंत कोणी शिंकायचंही नाही, असा उस्तादांचा हुकूम होता. कारण रणगाडाविरोधी तोफेला पहिला गोळा फुकट घालवता येत नाही. गोळा सुटला की धूर दिसतो, आणि धूर दिसला की रणगाड्याला तोफ सापडते."

दगड नेहमी अर्ध्याच ठेवायचा, असंही एक वाक्य पुढे लिहिलं होतं. नंतर खोडलं.

मी एवढा मोठा जवळ असताना त्या बुटक्याला कशाला पाठवता, असं मी एकदा उस्तादांना विचारलं होतं. ते म्हणाले, "तू चालतोस तेव्हा तुझं मन तुझ्या पायांत नसतं." तेव्हा तू किती हसला होतास! पोट धरून. आठवतं?

लांब्या


२२ फेब्रुवारी

नेम्या,

पोरीच्या पत्रातून कळलं, की तू दुसऱ्या प्रकरणात एक चूक काढलीस. चुना नव्हता, पांढरा रंग होता, शाळेच्या भिंतीला लावायला आणलेला आणि आपण ढापलेला. दुरुस्ती केली. मंडळाच्या अध्यक्षांनी 'ढापलेला' काढून 'मिळवलेला' केलं.

परवा माघारीचं प्रकरण संपवलं. आठ दिवस, बारा तोफा आणि शेवटी उरलेल्या पाच. ते लिहिताना मी रोज सकाळी तीन पानं लिहायचो आणि दुपारी घरात कोणाशी बोलायचो नाही. ही कंटाळली. म्हणाली, "लढाई तेव्हा संपली होती ना? मग आत्ता घरात कशाला आणलीत?"

पण त्यानंतरचं वीटभट्टीचं प्रकरण मी हसत लिहिलं. बाहेर हाडं फोडणारी थंडी आणि आपण चाळीस माणसं विझलेल्या भट्टीच्या पोटात. भिंती दोन दिवस कोमट होत्या, आपल्याला वाटलं स्वर्ग तो हाच. तू दारापाशी उजेडात बसून सगळ्या तुकडीची घड्याळं दुरुस्त करत होतास. अर्ध्याची सुई, तोफेचं तेल आणि डोळ्याला लावायची ती काळी नळी. लढाईवर येताना लोकांनी घरच्यांचे फोटो आणले, तू तुझ्या घड्याळाच्या दुकानातली नळी आणलीस. माझं घड्याळ बंद पडलं होतं. तू ते कानाला लावलंस, हलवलंस आणि म्हणालास, "ठेव. उद्या देतो."

आणि दुसऱ्या दिवशी आपल्याला पुलाकडे हलवलं.

माझं घड्याळ तुझ्याकडेच राहिलं. मागत नाही. त्यानंतर मी दुसरं घेतलं नाही, एवढंच सांगतो. मोजणीच्या कामावर वेळ विचारायला माणसं असतात.

आता अडचणीचं. सातवं प्रकरण पुलाचं आहे. मंडळाच्या लेखनिकाने मला त्या दिवसाच्या गोळ्यांच्या नोंदवहीची नक्कल पाठवली. ती अशी आहे: "पूल, पूर्वेचा उतार. पहिला गोळा आखूड पडला. नेमबाजाची चूक. रणगाड्याच्या उलट माऱ्यात तोफप्रमुख ठार. दुसरा गोळा लागला. रणगाडा निकामी. इतर माघारी. पूल राखला." खाली सही तुझी आहे. लेखनिकाने शेजारी पेन्सिलीने लिहिलंय, "हेच जरा फुलवून लिहावं."

मार्चअखेर प्रकरण छापखान्यात द्यायचंय. सहा प्रकरणं झाली. सातवं पुढे सरकत नाही.

पोरी, बाबा त्या दिवसाबद्दल घरी कधी काही बोलले का? त्यांना नको विचारूस. तुला आठवत असेल तेवढंच लिही.

लांब्या


१० मार्च

नेम्या,

पोरीचं पत्र आलं. ते तिने तुझ्या अपरोक्ष लिहिलंय. मी ते इथे उघड करतोय, म्हणजे तिला स्वतःच तुला वाचून दाखवावं लागेल. पोरी, रागावू नकोस. तुझ्या वडिलांच्या पाठीमागे त्यांच्याबद्दल बोलणं आता मला जमायचं नाही. फार वर्षं ते केलंय.

ती लिहिते, की ती लहान असताना तुला कोणीतरी बिघडलेलं गजराचं घड्याळ आणून दिलं. तू ते हातात घेतलंस आणि परत दिलंस. तिने विचारलं, "बाबा, तुम्हाला येतं ना?" तू म्हणालास, "येत होतं. माझ्या डोळ्याने एक माणूस मारला. त्या डोळ्यावर आता कोणी भरवसा ठेवू नये, मी पण ठेवत नाही." मग तू कारखान्याच्या फाटकावर कामाला लागलास आणि एकतीस वर्षं आत-बाहेर जाणाऱ्या गाड्यांचे आकडे लिहिलेस.

नेम्या, मला वाटायचं, तू दुकान चाललं नाही म्हणून सोडलंस. खरं म्हणजे मला तसं वाटून घ्यायचं होतं.

शेवटी तिने विचारलंय, "काका, बाबांचा नेम खरंच चुकला होता का?"

सातव्या प्रकरणाचा एक कच्चा खर्डा केलाय. "सकाळी धुकं होतं. अंतराचा अंदाज येणं कठीण होतं. अशा परिस्थितीत पहिला गोळा आखूड पडला." छान आहे ना? गोळा आपला आपणच पडला, त्याला कोणी हातही लावला नव्हता. मी ते आमच्या हिला वाचून दाखवलं. ती म्हणाली, "चांगलंय. पण तुम्ही वाचताना माझ्याकडे का बघत नाही?"

त्या पहिल्या सभेचं मात्र सांगून टाकतो. जेवण चाललं होतं. दुसऱ्या तोफेवरचा तो जाडा उठला आणि तुझ्याकडे बघून ओरडला, "याला वाढा रे नीट, याचा हात आखूड पडतो!" सगळे हसले. तू ताट सरकवलंस, टोपी उचललीस आणि निघून गेलास. मी तुझ्या डाव्या हाताला बसलो होतो. तू गेलास तेव्हा माझ्याकडे बघितलंस. मी हसत होतो, नेम्या. सगळ्यांबरोबर मीही हसत होतो.

त्यानंतर मी तुला तीन पत्रं टाकली, ती परत आली. मी म्हटलं, आता त्यालाच नको आहे तर. किती सोपं झालं माझं!

आज एवढंच. पोरीच्या प्रश्नाचं उत्तर राहिलंय, मला माहीत आहे.

लांब्या


१४ मार्च

नेम्या,

पोरी, हे पत्र सावकाश वाच. मध्ये थांबू नकोस. बाबा थांब म्हणाले तरी शेवटपर्यंत वाच.

तुझ्या प्रश्नाचं उत्तर: नाही. तुझ्या बाबांचा नेम चुकला नव्हता.

नेम्या, त्या सकाळी दगड अर्ध्याने ठेवला नव्हता. माघारीत त्याच्या टाचांना फोड आले होते, मोज्याला रक्त लागलं होतं. उस्तादांना कळलं तर दवाखान्याच्या गाडीत बसवून मागे पाठवतील, या भीतीने त्याने कोणाला सांगितलं नाही. मला बाजूला घेऊन म्हणाला, "लांब्या, आज तू जा. पण माझं पाऊल टाक. छोटं. विसरू नकोस." तू आणि उस्ताद तोफेसाठी माती उकरत होतात. धुकं इतकं होतं, की दहा पावलांवर कोण चाललंय ते दिसत नव्हतं.

मी निघालो. तीनशे पावलं मी अगदी अर्ध्यासारखी टाकली. टाचेला टाच लावल्यासारखी. मग पुलापलीकडून इंजिनांची घरघर ऐकू आली. दूर होती, पण होती. माझ्या हातात तो दगड होता आणि मी मोकळ्या मैदानात एकटा. मी चारशे, पाचशे मोजत राहिलो, आकडा एकही चुकवला नाही. पण पाय माझे झाले होते. मला ते कळलंही नाही. उस्ताद म्हणायचे तेच झालं. हजार झाल्यावर दगड ठेवला आणि धावत परत आलो. अर्ध्याने विचारलं, "माझं पाऊल ना?" मी म्हटलं, "हो, तुझंच." तेव्हा मला तसंच वाटत होतं. ते खोटं नव्हतं.

खोटं त्यानंतरचं आहे.

धुकं विरळ झालं. तू नेमाच्या दुर्बिणीतून बघितलंस आणि म्हणालास, "दगड लांब वाटतोय रे." आठवतंय तुला? तू मान वळवून पुन्हा बघितलंस आणि पुन्हा म्हणालास, "सहाशेच्या पुढे आहे हा." त्या क्षणी मला माझे पाय आठवले. मैदानातल्या ढांगा आठवल्या. मला कळलं, नेम्या. पूर्ण कळलं. एक शब्द पुरे होता. तू चकती फिरवली असतीस आणि झालं असतं.

पण शेजारी उस्ताद उभे होते. दगड मी ठेवला म्हटलं असतं तर अर्ध्याचे फोड निघाले असते, माझा निष्काळजीपणा निघाला असता, सगळ्यांदेखत माझी खरडपट्टी निघाली असती. आणि मी म्हणालो, "धुकं आहे, म्हणून वाटतं तसं."

बस. ओरडा खायला लागू नये म्हणून.

तू डोळे चोळलेस आणि म्हणालास, "असेल." चकती सहाशेवरच ठेवलीस. तू स्वतःच्या डोळ्यापेक्षा पथकाच्या दगडावर विश्वास ठेवलास, कारण आपलं सगळं पथकच त्या दगडावर उभं होतं.

पुढचं तुला माहीत आहे. रणगाडा दगडापाशी आला, तू गोळा सोडलास आणि त्याच्या पुढ्यात माती उडाली. मग तो वळला. उस्ताद दुर्बीण घेऊन डावीकडे उभे होते, आक्काच्या आडोशाबाहेर, नेहमीसारखे. दुसरा गोळा तू दगडाकडे न बघता, नुसत्या डोळ्याने अंतर धरून टाकलास. तो बरोब्बर लागला. गोळा लागला की "शाब्बास आक्का" म्हणणारे उस्ताद तेव्हा उरले नव्हते.

नंतर मी मोजणीदार झालो. ती नोकरी का धरली, हे मला कोणी विचारलं नाही. साखळी धरून जमीन मोजताना लोक हसायचे, की हा एवढासा तुकडासुद्धा दोनदा मोजतो. मी आयुष्यात पुन्हा पावलांनी काहीही मोजलं नाही. पण तो हिशेब मात्र कितीदा केला. तीनशे पावलं अर्ध्याची, सातशे माझी. दगड पावणेआठशे मीटरवर होता, नेम्या. तुझा डोळा बरोबर होता. दोन्ही वेळा.

काल हे पहिल्यांदा आमच्या हिला सांगितलं. ती हातातलं काम ठेवून समोर बसली. मग म्हणाली, "त्या माणसाच्या बायकोने किती वर्षं त्याला असं बघितलं असेल." एवढं बोलून स्वयंपाकघरात गेली. मला रागावली असती तर बरं झालं असतं.

सातवं प्रकरण आज छापखान्यात दिलं. त्यात लिहिलंय: "पहिला गोळा आखूड पडला. नेम बरोबर होता, दगड चुकला होता. तो दगड अर्ध्याचं पाऊल सोडून स्वतःच्या पावलाने या पुस्तकाच्या लेखकाने ठेवला. नेमबाजाने अंतराबद्दल दोनदा शंका घेतली. लेखकाने ती खोटं सांगून घालवली. नोंदवहीतली 'नेमबाजाची चूक' ही नोंद चुकीची आहे."

मी माफी मागत नाही. मागायला तोंड नाही. मला तू फार आवडायचास, नेम्या, आणि अजून आवडतोस. ते असूनही मी हे केलं, एवढंच मला कधी कोणाला समजावून सांगता येणार नाही.

लांब्या


२ मे

नेम्या,

सात आठवडे झाले. पत्र नाही. तुझा हक्क आहे. पुस्तक छापून आलं, ते सोबत पाठवतो. पोरी, पान एकशे बारा.

छपाईआधी अध्यक्ष घरी आले होते. म्हणाले, "एवढं नागडं कशाला लिहायचं? 'युद्धाच्या धामधुमीत अंतराबाबत गैरसमज झाला' असं घालू." मी म्हटलं, "गैरसमज झाला नाही, मी केला. आणि ते काढलंत तर सहा प्रकरणांसकट वही घरी नेईन." मग ते चहा न घेताच गेले. पण शब्द बदलला नाही. दुसऱ्या तोफेवरच्या जाड्याने वाचलं. त्याचं मंडळाकडे पत्र आलंय, त्याला तुझा पत्ता हवाय. दिलेला नाही. तुला विचारल्याशिवाय देणार नाही.

अर्ध्याला मी दुकानात जाऊन सांगितलं. छापलेलं वाचायच्या आधी माझ्या तोंडून कळावं म्हणून. तो शिवत होता. ऐकता ऐकता मशीन थांबवलं. त्यावर झाकण घातलं. मला म्हणाला, "ऊठ. दुकान बंद करायचंय." चार दिवस त्याने मला दारात उभं केलं नाही. पाचव्या दिवशी स्वतः आला, पायरीवर बसला आणि म्हणाला, "फोड माझे होते."

मी म्हटलं, "पाय माझे होते."

"मी तुला पाठवलं."

"पण धुकं आहे, असं तू म्हणाला नाहीस."

असे आम्ही तासभर भांडलो, कोण जास्त वाईट यावरून. आमच्या हिने खिडकीतून ऐकलं आणि दोघांना आत बोलावून जेवायला घातलं. तो जाताना म्हणाला, "नेम्याचे डोळे तपासून घ्यायला कोणी नेलं का?" मला माहीत नव्हतं. खूप लाज वाटली.

उत्तर नको. पण डोळ्यांचं तेवढं पोरीने कळवावं.

लांब्या


१९ मे

नेम्या,

तुमच्या गावच्या बसस्टँडवर बसून हे लिहितोय. बस वेळेआधी आली. आणि समोर आल्यावर माझ्या तोंडून शब्द फुटणार नाही, हे मला आत्ताच कळतंय. म्हणून हा कागद पोरीच्या हातात देईन आणि मी गप्प उभा राहीन. तिला वाचायची सवय झालीच आहे.

तुझं पत्र मी खिशात घेऊन आलोय. पोरीच्या अक्षरातलं, पण शब्द तुझे, कारण असं उद्धट मला दुसरं कोणी लिहीत नाही. ते मी आता इतक्यांदा वाचलंय, की घडीवर फाटायला लागलंय.

"लांब्या, चाळीस वर्षं. तुला शिव्या द्यायच्या होत्या, पण पोरगी लिहितेय, म्हणून राहू देतो. समोर देईन. तुझं पत्र तिने वाचलं तेव्हा मी उठून गेलो होतो. मग दुसऱ्या दिवशी पुन्हा वाचायला लावलं. एकच ओळ सहा वेळा वाचून घेतली, 'तुझा डोळा बरोबर होता.' तुझ्यावर राग आहे. तो एवढ्यात जाणार नाही. पण डोळ्यांची तारीख घेतलीय, एकोणतीस मे. आधी डावा. तुझं घड्याळ माझ्याकडे आहे. बंदच आहे. दिसायला लागलं की उघडून बघतो. ते न्यायला ये. स्टँडवर उतर, फाटकाबाहेर पाण्याची टाकी आहे. तिथून पश्चिमेला रस्ता सरळ. हजार पावलांवर उजव्या हाताला निळं दार. अर्ध्याची पावलं. तुझी नव्हेत."

वाचलं आणि लगेच अर्ध्याच्या दुकानात गेलो. त्याने ऐकलं, फीत गळ्यातून काढली, एका गिऱ्हाइकाची अर्धवट पॅन्ट तशीच टाकली आणि कोट चढवला. आज जायचं नाही, बस उद्या आहे, हे त्याला पटवताना नाकी नऊ आले.

आता तो टाकीपाशी उभा आहे. बुटाची नाडी सोडून परत घट्ट बांधतोय. टाचा कशा आहेत म्हणून विचारलं, तर म्हणाला, "एकदम ठणठणीत. आणि असत्या फुटलेल्या, तरी आज मीच गेलो असतो." रस्त्याकडे बघून म्हणतो, तुझं निळं दार इथूनच दिसतंय. मला नाही दिसत.

तुला एक विचारायचं होतं. उस्ताद गेल्यावर आक्काला कोणी शाब्बास म्हटलं नाही. तू त्या दिवशी दुसरा गोळा लावलास, तेव्हाही कोणी म्हटलं नाही. मी दारात आलो, की पहिलं ते म्हणेन. मग तुझ्या शिव्या ऐकेन. चालेल ना?

अर्ध्या हाक मारतोय. तो पुढे, मी त्याच्या मागे. त्याचं पाऊल उचललं, की त्याच जागी माझं. मोजायचं त्यानेच, मोठ्याने.

आम्ही निघालो.